वरच्या शेतात गवत लावण्यापूर्वी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांनी पाठवलेला कराराचा मसुदा मी दोन वेळा सावकाश वाचला. वरच्या उताराच्या शेतात ऊर्जेसाठी बहुवार्षिक गवत लावावे की नाही, हा तुमचा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही, कारण एकदा लावलेले हे पीक पुढची पंधरा-वीस वर्षे जागा सोडत नाही आणि त्याचे जे काही भले-बुरे व्हायचे ते पहिल्या दोन वर्षांतच बरेचसे ठरून जाते. माझे मत आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना तुमच्या जिवाला घोर लागणार नाही. वरच्या शेतात गवत लावावे असे मलाही वाटते, पण हा मसुदा आहे तसा सही करण्याजोगा नाही. त्यात गवताचे नाव नाही, कापलेल्या गवताचे पुढे काय करणार ते नाही, आणि वजन ओले धरायचे की कोरडे, याचाही उल्लेख नाही. नुसते ‘ऊर्जा गवत’ असे लिहून सगळे मोघम ठेवले आहे.

गेली सहा वर्षे मी अशाच गवतांच्या चाचणी-वाफ्यांत काम करते आहे. आई, तू मला एकदा विचारले होतेस की गवत तर बांधावरही आपोआप उगवते, मग त्याचा एवढा अभ्यास कशाला. तेव्हा मला नीट सांगता आले नव्हते. गेल्या हंगामात आम्ही मिस्कॅन्थस या उंच बहुवार्षिक गवताच्या नऊ वर्षे जुन्या वाफ्यालगत छातीइतका खोल खड्डा खणला. वरच्या वीतभर थरात बोटाएवढी जाड, पेरापेरांची, खवल्यांनी झाकलेली आडवी खोडे एकमेकांत इतकी गुंतली होती की कुदळ उसळून परत येत होती. त्याखाली मुळे केसांसारखी बारीक होत खड्ड्याच्या तळापर्यंत पोहोचली होती आणि त्यांच्या वाटेने काळसर झालेली माती पिवळ्या मुरमात उतरत गेलेली स्पष्ट दिसत होती. शेजारच्या, दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या वाफ्यात तो काळसर रंग नांगराच्या फाळाइतक्या खोलीवर येऊन थांबला होता. त्या दिवशी मला आपले वरचे शेत आठवले. पहिल्याच जोराच्या पावसात तिथली माती खालच्या बांधाशी येऊन साचते आणि बाबा ती घमेल्याने पुन्हा वर नेऊन टाकतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

या पिकाची सारी ताकद जमिनीखालच्या त्या आडव्या खोडात आहे. मिस्कॅन्थससारखे गवत थंडीच्या तोंडाला पिवळे पडू लागते, तेव्हा पानांतल्या आणि धाटांतल्या नत्र, स्फुरद व पालाशाचा मोठा भाग ते खाली खोडात ओढून घेते आणि पुढच्या हंगामात तीच शिदोरी वापरून नवे फुटवे काढते. म्हणून धाटे पूर्ण वाळेपर्यंत थांबून कापणी केली, तर शेतातून बाहेर जाते ते बहुतेक हवेतून घेतलेले कर्ब, आणि जमिनीचे सत्त्व जमिनीतच राहते. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथील दीर्घकालीन प्रयोगात लागोपाठ 14 वर्षे कापणी करूनही नत्रखत दिलेल्या आणि न दिलेल्या वाफ्यांच्या उत्पादनात खतामुळे फरक पडला नाही, त्यामागे हे एक मोठे कारण. गळालेली पाने जमिनीवर आच्छादन धरतात, तण दबते, पावसाचा थेंब मातीवर थेट आदळत नाही, आणि दरवर्षीची नांगरट, पेरणी, बियाणे यांचा व्याप उरत नाही. बाबांचे गुडघे आणि आईची पाठ यांचा विचार केला, तर हा शेवटचा मुद्दा माझ्या लेखी सर्वांत वरचा आहे.

मात्र हा हिशेब सर्व गवतांना सारखा लागू होत नाही, आणि म्हणूनच मसुद्यात नाव नसणे मला खटकते. ज्यांच्याविषयी तुमच्या कानावर येईल अशी मुख्य गवते तीन आहेत. मिस्कॅन्थसचा जो संकर सर्वत्र लावला जातो, तो जपानमधून 1935 साली डेन्मार्कमध्ये शोभेचे झाड म्हणून नेला गेला. दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून आलेल्या या गवतात गुणसूत्रांचे तीन संच आहेत, त्यामुळे त्याला उगवणारे बी धरत नाही. ते तीन-चार मीटर उंच जाते, पण बी नसल्यामुळे शेजारच्या रानात पसरत नाही, आणि बी नसल्यामुळेच त्याची लागवड खोडाचे तुकडे पुरून करावी लागते. दुसरे स्विचग्रास हे उत्तर अमेरिकेच्या प्रेअरी म्हणजे विस्तीर्ण गवताळ प्रदेशातले मूळचे गवत. त्याची मुळे तीन मीटरपर्यंत खोल जातात, ते बियांपासून येते म्हणून लावायला सोपे, पण बी बारीक आणि सुप्तावस्थेत राहणारे असल्याने पहिल्या वर्षी तणापुढे हार खाते. तिसरे नेपियर, म्हणजे आपण ज्याला हत्तीगवत म्हणतो ते, मूळचे उष्ण आफ्रिकेतले. कांडी किंवा ठोंब लावले की भराभर फुटते आणि उष्ण हवामानात वर्षातून अनेक कापण्या देते. तिन्ही गवते मका आणि ऊस यांच्याप्रमाणे सी-4 नावाच्या, हवेतला कर्बवायू अधिक कार्यक्षमतेने वापरणाऱ्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करणारी आहेत, त्यामुळे उन्हात कमी पाण्यावर जास्त वाढ करून घेतात. मिस्कॅन्थसचे वेगळेपण एवढेच की या गटातल्या बहुतेक वनस्पती गारठ्यात मंदावतात, तसे त्याचे फारसे होत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात दोन्ही गवते शेजारी शेजारी लावून पाहिली, तेव्हा मिस्कॅन्थसने स्विचग्रासच्या जवळपास तिप्पट कोरडे वजन दिले होते.

आता नेपियरचा प्रश्न पाहा. जिथे कडक हिवाळा नाही तिथे ते कधी पूर्ण वाळतच नाही आणि हिरवेच कापले जाते, म्हणून सत्त्व खाली ओढून घेण्याची ती सोय तिथे मिळत नाही. कोरड्या वजनात 1 टक्का नत्र धरले, तर हेक्टरी 20 टन कोरडा माल उचलताना 200 किलो नत्र शेताबाहेर जाते, शिवाय पालाश वेगळा. ते परत आले नाही तर तीन-चार वर्षांत जमीन उपाशी पडते आणि मग दोष गवताला दिला जातो. नेपियर वाईट आहे असे मी म्हणत नाही. ते हिरवे कापून वायुनिर्मितीच्या टाकीत कुजवले, तर नत्र, स्फुरद, पालाश हे सर्व मळीत, म्हणजे कुजून उरलेल्या पातळ गाळात, राहते, कारण टाकीतून वर निघतो तो मुख्यत्वे मिथेन आणि कर्बवायू. ती मळी आपल्या शेतात परत येणार असेल, तर चक्र पूर्ण होते. तेव्हा नेपियर असेल तर मळी परत देण्याचे कलम करारात हवेच. गवत नेणाऱ्याला त्या मळीची अडचणच होते, त्यामुळे तो कबूल होण्याचा संभव बराच आहे, पण ती वाहून आणायची कोणी हे लिहून घ्यावे लागेल, कारण तिच्यात बहुतांश पाणीच असते.

जाळण्यासाठी गवत जाणार असेल तर नियम उलटे होतात. तिथे गवत जितके परिपक्व आणि कोरडे, तितके चांगले. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असेल तर गासड्या टिकतात, नाहीतर आतून तापतात आणि बुरशी धरते. हिरव्या गवतात पालाश आणि क्लोरीन जास्त असते. अशा गवताची राख कमी तापमानाला वितळून बॉयलरच्या नळ्यांवर काचेसारखी चिकटते आणि नळ्या गंजतात, म्हणून कारखानदार असा माल एकदा घेतो आणि दुसऱ्यांदा दारात उभा करत नाही. उशिरा कापलेल्या गवतात पावसाने हे क्षार बरेचसे धुऊन गेलेले असतात. वाट पाहताना पाने गळून वजन घटते खरे, पण ती पाने आपल्या शेताला मिळतात, म्हणून ते मी नुकसान मानत नाही.

बाबांनी विचारले होते की यात ऊर्जा खरोखर किती असते. एक किलो पूर्ण कोरड्या गवतात सुमारे 17 ते 18 मेगाज्यूल उष्णता असते. म्हणजे 10 टन कोरड्या गवतात साधारण 4,800 लिटर डिझेलइतकी उष्णता झाली. हा आकडा ऐकून डोळे दिपतात, पण ही फक्त उष्णता आहे. तिच्यापासून वीज करायची झाली, तर दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक वाया जाते. म्हणून जवळपास ज्याला थेट उष्णताच हवी आहे, वाफ किंवा वाळवणीसाठी गरम हवा हवी आहे, असा गिऱ्हाईक या गवताला सर्वांत योग्य. पेरणीपासून कापणीपर्यंत लागणारी ऊर्जा वजा केली तरी हिशेब फायद्याचाच राहतो. अमेरिकेच्या मध्य भागातल्या 10 शेतांवर पाच वर्षे केलेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्विचग्रासपासून मिळू शकणारी इथेनॉलरूपी ऊर्जा ही त्यासाठी खर्ची पडणाऱ्या खनिज ऊर्जेच्या पाचपटीहून अधिक भरली होती.

असे असूनही हे पीक अपेक्षेइतके पसरले नाही, आणि त्याचे कारण तुम्ही समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. अमेरिकेतल्या ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने 1991 साली स्विचग्रासला अभ्यासासाठी नमुना ऊर्जा-पीक म्हणून निवडले. 2006 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या वार्षिक भाषणात त्याचे नाव घेतले. 2007 च्या कायद्याने असे ठरवले की 2022 पर्यंत गवत, काड, लाकूड अशा मालापासून दरवर्षी 16 अब्ज गॅलन इंधन तयार व्हावे. प्रत्यक्षात त्याच्या आसपासही कोणी पोहोचले नाही. गवत शेतात उत्तम येत होते. पण त्याच्या पेशीभित्तिकांमधला सेल्युलोज हा तंतुमय घटक लिग्निन नावाच्या कठीण द्रव्याच्या वेष्टनात घट्ट बांधलेला असतो, तो सोडवून त्याची साखर करणे कारखान्याच्या प्रमाणावर फार खर्चिक ठरले, आणि हलका, फुगीर माल वर्षभर वाहून आणून साठवणे त्याहून कठीण गेले. अनेक शेतकऱ्यांनी गवत लावले आणि घेणारा उभाच राहिला नाही. वार्षिक पीक असते तर ते पुढच्या हंगामात दुसरे काही पेरून मोकळे झाले असते.

वाहतुकीचे गणित तुम्हाला गाडी भरताना लगेच कळेल. बारीक कुट्टी केलेल्या गवताच्या एका घनमीटरचे वजन जेमतेम 100 किलो भरते, घट्ट गासडी बांधली तर दीडशेच्या आसपास, आणि दाबून गोळ्या केल्या तर सहाशेच्या पुढे. सुट्या गवताची भरलेली गाडी म्हणजे बहुतांश हवाच वाहून नेणे. हिरवे नेपियर असेल तर हवेऐवजी पाणी, कारण ताज्या कापलेल्या गवतात सुमारे 80 टक्के पाणी असू शकते. म्हणून पैसे ओल्या वजनावर ठरणार असतील, तर कापणीच्या दिवशी पाऊस पडला की नाही यावर वाद सुरू होतील, आणि कोरड्या वजनावर ठरणार असतील तर ओलावा कोण, कुठे, कशाने मोजणार हे आधी लिहिलेले असावे. त्याची साधी पद्धत मी तुम्हाला शिकवीन. मूठभर नमुना वजन करून मंद भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. आई हे काम गवत घेणाऱ्याच्या कोणाही माणसापेक्षा काटेकोर करील याची मला खात्री आहे.

पहिल्या वर्षाविषयी मला जरा विस्ताराने सांगायचे आहे, कारण तिथे मी स्वतः चूक केली आहे. कामाला लागल्यानंतरच्या पहिल्या लागवडीत मिस्कॅन्थसच्या खोडांचे तुकडे आदल्या संध्याकाळी शेताच्या कडेला उतरवून घेतले होते आणि त्यांच्यावर ओली पोती टाकायची माझी जबाबदारी होती. दुसऱ्या दिवशी यंत्र उशिरा आले, दुपारभर वारा सुटला, आणि मी पोती पुन्हा भिजवली नाहीत. वरून तुकडे चांगलेच दिसत होते. दोन महिन्यांनी रांगा मोजल्या, तेव्हा तीनांतला एक तुकडा उगवलाच नव्हता. त्या मोकळ्या जागा आजही तणाने भरलेल्या आहेत, कारण या पिकात राहिलेली फट आपोआप बुजत नाही. शेजारचे ठोंब हळूहळू पसरतात, पण उंचीत एकदा मागे पडलेल्या नव्या रोपाला सावलीतून वर येता येत नाही. हेक्टरी 10 ते 20 हजार तुकडे लागतात, आणि तुकडा ताजा, दोन-तीन जिवंत डोळ्यांचा आणि ओला असणे यावर पुढची पंधरा वर्षे अवलंबून असतात. म्हणून बेणे कोठून, किती दिवसांपूर्वी काढलेले आणि न उगवल्यास नांग्या भरून देणार कोण, हेही विचारायला हवे.

पहिल्या वर्षी हे शेत पाहून तुमचे मन खट्टू होईल, हे आत्ताच सांगून ठेवते. मिस्कॅन्थस असो वा स्विचग्रास, कमरेइतकी तुरळक धाटे आणि मधे तणच तण असे ते दिसते. तेव्हा कापण्यासारखे काही नसते, दुसऱ्या वर्षी थोडे मिळते, आणि पूर्ण उत्पादन तिसऱ्या वर्षापासून पुढे धरावे. नेपियर त्या मानाने लवकर हाताशी येते. पहिली दोन वर्षे खुरपणी वेळेवर झाली तर पुढे तणाचे काम जवळजवळ संपते, पण त्या दोन वर्षांत तुम्ही दोघांनी वाकून खुरपायचे नाही. त्या कामाला माणसे मी लावीन आणि ऐन वेळी स्वतः येऊन थांबेन.

खालच्या शेताबद्दल मसुद्यात ‘आवश्यकता भासल्यास लागवड वाढवता येईल’ असे एक वाक्य आहे. ते कृपा करून खोडून टाका. धान्य देणाऱ्या सपाट, ओलिताच्या जमिनीत जाळण्यासाठी गवत लावणे मला पटत नाही. ते धान्य दुसरीकडे कोठेतरी पिकवावेच लागते, आणि त्यासाठी जंगल किंवा जुने माळरान मोडले गेले तर त्यातून निघालेला कर्ब भरून काढायला कित्येक दशके जातात. 2008 पासून या प्रश्नावर शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला आहे आणि आकड्यांविषयी अजूनही मतभेद आहेत, पण मूळ मुद्दा मला नाकारता येत नाही. वरचे शेत वेगळे आहे. ते हलके आहे, उताराचे आहे, वर्षानुवर्षे नांगरून झिजले आहे, आणि त्यातले धान्य अलीकडे पेरणीच्या कष्टालाही पुरत नव्हते. अशाच जमिनीत बहुवार्षिक मुळे सेंद्रिय कर्ब वाढवतात. वरच्या टोकाचा जो तुकडा कधीच नांगरला गेला नाही आणि जिथे रानगवत आहे, तो मात्र तसाच ठेवावा, कारण तिथे साठलेला कर्ब नांगरटीने उडून जाईल आणि तेवढे कमवायला नव्या गवताला फार काळ लागेल.

काही गोष्टी थोडक्यात. ओढ्याच्या काठापासून काही अंतर सोडावे, विशेषतः नेपियर असेल तर, कारण त्याची वाहून गेलेली कांडी खाली कोठेही रुजते आणि मग ते आवरत नाही. जमिनीखालून गेलेल्या पाण्याच्या नळाजवळ लावू नये. आणि वाळलेले उभे गवत म्हणजे आगीला निमंत्रण असते, तेव्हा घराच्या बाजूला आणि शेजाऱ्यांच्या बांधाला रुंद मोकळी पट्टी ठेवावीच लागेल, मग त्यात काही ओळी कमी झाल्या तरी चालतील.

राहिला मुदतीचा प्रश्न. करार वीस वर्षांचा आहे. बाबा, तेव्हा तुम्ही नव्वदीला पोहोचलेले असाल, आणि गवत मोडायची वेळ आली तर ते मोडणारी बहुधा मी असेन. मोडणे अवघड असले तरी अशक्य नाही. खोडे उकरून वर आणावी लागतात, नव्या फुटव्यांचा एक-दोन हंगाम पाठपुरावा करावा लागतो आणि मग जमीन पुन्हा पिकाखाली येते. पण तो भार कराराच्या शेवटी कोणाकडे, हे लिहिलेले नाही. घेणाऱ्याने मधेच माल उचलणे थांबवले, तर आपण दुसऱ्याला देऊ शकतो की नाही, हेही नाही. या दोन्ही जागी माझे नाव तुमच्या नावाबरोबर घालावे अशी माझी विनंती आहे. तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. या पिकाचे वय पाहता ती जबाबदारी आत्तापासूनच माझी आहे.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी येते आहे. येताना माती तपासण्यासाठी नळी आणि मोजपट्टी आणीन. वरच्या शेतात उताराच्या माथ्यावर, मध्यावर आणि तळाशी असे तीन खड्डे खणून मुरूम किती खोलीवर लागतो ते आधी पाहू, कारण माथ्यावर तो वीतभर खालीच असेल तर गवताची निवडच बदलेल. मसुदा देणाऱ्या गृहस्थांना तोपर्यंत एवढेच सांगावे की मुलगी आल्यावर बोलू, आणि गवताचे नाव, वापर व वजनाची पद्धत लिहून पाठवा. बाबा, तोवर वरचे शेत नांगरायला कोणालाही बोलावू नका आणि घमेले घेऊन तुम्हीही वर जाऊ नका. आई, खालच्या बांधाशी साचलेल्या मातीचा ढीग आहे तसाच राहू दे. त्यातला एक नमुना मला न्यायचा आहे.

तुमची,
मुलगी